होरा

नम्रतानं सुपातले तांदूळ पुन्हा सारखे केले. तिच्यासमोर धसईची धवलारीण चंदाआजी लग्नाचे धवले गात होती, आणि दारात तिच्या होणाऱ्या नवऱ्याचे काका मनगटावरचं घड्याळ दाखवत उभे होते.

"शुभ होरा टळतोय. गाणी मागून म्हणा की."

गाण्यात आधी देवांना आवतण, मग घरातल्या गेलेल्यांना. नम्रताची आई सावळी गेल्याला तीन पावसाळे झाले होते. तिच्यासाठी कोपऱ्यात एक रिकामा पाट टेकवून ठेवला होता.

"काका, होरा शब्द कुठला?" नम्रतानं मान न उचलता विचारलं.

"आपल्या शास्त्रातला. दुसरा कुठला?"

"ग्रीसचा. तिथनं आपल्याकडं आला, आणि तिथनंच फिरत फिरत फ्रान्सला गेला. तिकडं तासाला अजून 'अर' म्हणतात. कॉलेजात फ्रेंच होतं मला. मुळात त्याचा अर्थ ऋतू. जे ते पिकायची वेळ. घड्याळ नव्हतंच त्यात."

काका मांडवातल्या नवरदेवाकडं वळून हसले. "प्रज्वल, जपून रे बाबा. उद्या चहा मागितला तर ही ऋतू विचारंल."

मांडवात हशा झाला. चंदाआजी मात्र चपापली.

"नाय गो पोरी, वाद नको. आटपते मी."

तिनं चाल पळवली. सिद्धगडाच्या देवाला बोलावलं, म्हसा गावच्या खांबलिंगाला बोलावलं, आणि एकदम शेवटच्या ओळीवर आली. सावळीच्या लग्नात धवले म्हणणारी हीच, आणि आज तिचंच नाव गिळून बसली.

स्वतःच्या लग्नात नवरी गात नाही. नम्रतानं सूप खाली ठेवलं.

"शिवंवरून ये गो सावळे,
मांडवाची सावली झाली..."

आवाज कोरडा होता, चाल आईची होती. बाहेर वाजंत्रीवाल्यानं सनई तोंडापासून काढली. चंदाआजीनं पदरानं तोंड पुसून दुसरी ओळ उचलली, पहिल्यासारखी, रेंगाळत.

"हळदीच्या अंगानं ये गो,
लेक तुझी नवरी झाली..."

नम्रता उठली. कोपऱ्यातला पाट आणून तिनं आपल्या पाटाला लावून मांडला, वर मूठभर तांदूळ ठेवले. काका अजून चौकट अडवूनच होते.

"अगो, भटजी खोळंबलेत."

"दारातनं सरका, काका," ती म्हणाली. "माझी आई येतेय."

काकांनी आधी मनगट खाली घेतलं. मग पाऊल मागं.