भैरवच्या बायकोचा आवाज

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला शिवणयंत्राचं टेबल समजून माझ्यावर चहाचे कप ठेवले आहेत. रागावलो नाही. पण जरा माझी ही लाकडी दारं सरकवून पाहा. आत जी काचेची फुगीर पाटी दिसते ना, तिच्यावर एके काळी देवास शहरातली ही अख्खी वसाहत जीव टाकत होती. मी एक जुना रंगीत टीव्ही आहे. मला दोन दारं आहेत, आणि ती दुकानाच्या शटरसारखी दोन्हीकडे सरकतात. आजकालच्या टीव्हीला दार नसतं, त्याचं मला फार नवल वाटतं.

कारखान्यात माझी जोडणी झाली, खोक्यात भरलं, ट्रकमधून इंदूर आणि तिथून देवास. इथपर्यंत माझं आयुष्य चारचौघांसारखंच होतं. खरी गंमत पुढे झाली. ९३ सालच्या दिवाळीत एका हातगाडीवरून मला औद्योगिक वसाहतीत नेण्यात आलं आणि अशोकरावांच्या दारात उतरवलं. अशोकराव मूळचे साताऱ्याकडचे. नोकरीसाठी इकडे आलेले. कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासून घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांच्यामागून दत्ताजी नावाचे कंत्राटदार हसतहसत आले. कारखान्याला लाकडी खोकी तेच पुरवत. वहिनींसाठी दिवाळीची छोटीशी भेट आहे, असं ते म्हणाले.

दारात नलिनीताई उभ्या होत्या. हातात रांगोळीची वाटी, कपाळावर पांढरं बोट लागलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दत्ताजींकडे पाहिलं, आणि मग नवऱ्याला विचारलं, "कुठून आणलात?"

या घरात मी ऐकलेले हे पहिले शब्द. अशोकराव स्वतःच हातगाडीला हात लावून म्हणाले, "दत्ताजी, चला. मी पण येतो ढकलायला." मी परत गेलो. पुढचं जवळजवळ वर्ष मी आधी दत्ताजींच्या गोदामात भुशाच्या पोत्यांशेजारी आणि मग टीव्हीच्या दुकानात एका कोपऱ्यात काढलं. खोटं कशाला बोलू, त्या बाईंचा मला भयंकर राग आला होता. इतकं गोजिरं रूप माझं, आणि मला दारातून माघारी पाठवते म्हणजे काय!

पण नशीब बघा. पुढच्या दिवाळीत अशोकराव बोनस घेऊन त्याच दुकानात आले आणि त्यांनी बोट दाखवलं ते माझ्याकडेच. या खेपेला नलिनीताईंनी दारात माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला. माझ्या कपाळावर हळदीकुंकू लावलं. कुंकवाचा तो डाग उजव्या दारावर अजून आहे, पुसू नका.

मग माझी भरभराट झाली. अँटेना टेकडीच्या बाजूला वळवला की चित्र स्वच्छ येई. रविवारी सकाळी शेजारपाजारचे सगळे पोह्यांच्या बशा घेऊन माझ्यासमोर बसत. नलिनीताईंची मुलगी रुचा अगदी पुढे, माझ्या आवाजाच्या बटणापाशी. ते बटण हा तिचा हक्काचा कारभार होता.

काही वर्षांनी विपुल नावाच्या तरुणाने वसाहतीत केबलची तार ओढली. अंगात किडा असलेला माणूस. नुसती तार ओढून त्याचं समाधान होईना. त्याने भाड्याचा कॅमेरा आणला आणि चक्क आपल्या केबलवर स्वतःची मालिका सुरू केली. मालिका हिंदीत. नायकाचं नाव भैरव. मानपूरच्या घाटात ट्रक लुटायचे, काळा चष्मा लावून बुलेटवरून यायचं आणि लुटीचा माल बायकोच्या पायाशी टाकायचा, हा त्याचा दिनक्रम. भैरव झाला होता वसाहतीतलाच शार्दूल. एरवी तो विमा कचेरीत कारकून होता आणि पालीला घाबरायचा, पण काळ्या चष्म्यात असा शोभला की बायका हातातली बशी विसरत.

आणि भैरवची बायको कमल? ती झाल्या आमच्या नलिनीताई. त्या मूळच्या धारच्या. लहानपणापासून गणपतीतल्या नाटकांत काम करत आलेल्या. विपुलने गणेशोत्सवात त्यांना पाहिलं आणि तो थेट घरी आला. अशोकरावांनी आनंदाने होकार दिला. चित्रीकरण धारला, नलिनीताईंच्या माहेरच्या गल्लीत. तिथून येताना त्या दर वेळी इतक्या खुशीत असत की स्वयंपाकघरातसुद्धा कमलचे संवाद म्हणत पोळ्या लाटत.

मित्रांनो, माझ्या काचेवर आतून नलिनीताई आणि समोर सतरंजीवरही नलिनीताई! असं भाग्य किती टीव्हींना मिळतं?

पण लोकांना भैरव आवडला, कमल नाही आवडली. कारण कमल नवऱ्याला प्रश्न विचारायची. त्याने हार आणला की ही विचारणार, "कहाँ से लाए?" त्याने रेशमी साडी आणली की पुन्हा तेच. समोर बसलेल्या बायका चिडायच्या. एवढा देखणा नवरा, सोनं आणून ओततोय, आणि ही बया सुखाचा घास गोड लागू देत नाही! भैरवने ट्रकवाल्याला झाडाला बांधून ठेवलं तेव्हा कुणाचा जीव हळहळला नाही. कमलने नवऱ्याला ताटावर टोकलं तेव्हा मात्र सगळ्या एका सुरात हळहळल्या. हळूहळू असं झालं की भैरव आला की "रुचा, आवाज वाढव," आणि कमल बोलू लागली की "आवाज कमी कर गं." बिचारी रुचा! स्वतःच्या आईचा आवाज तिने इतक्या वेळा खाली केला की माझं बटण घासून गुळगुळीत झालं.

गोष्ट काचेबाहेरही आली. जवळच्या पीपलरावां गावाहून भाजी घेऊन येणारी जमुनाबाई नलिनीताईंना कोथिंबीर वर घालायची बंद झाली. वर इकडच्या बोलीत म्हणाली, "भैरव भिया को चैन से रोटी तो खाने दो, भाभी." कारखान्यात अशोकरावांना लोक घर सांभाळा म्हणून चिडवू लागले. ते हसून सोडून देत. पण सगळ्यात कडक टीका घरातच होती. नलिनीताईंच्या विनोदिनीआत्या गुडघ्याच्या उपचारांसाठी धारहून महिनाभर राहायला आल्या होत्या. संस्थानी घराण्यातल्या, बोलणं जुन्या वळणाचं. त्या सुपारी कातरता कातरता म्हणायच्या, "नवऱ्याचे उणे चव्हाट्यावर मांडू नये हो. ही कमल काही घरंदाज दिसत नाही." घरंदाज कमल शेजारीच बसून त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत असायची.

मग एके दिवशी विपुल उतरलेल्या चेहऱ्याने आला. मूळ कथेत शेवटच्या भागात कमल लुटीची पेटी उंबऱ्याबाहेर ठेवते, दारात आडवी उभी राहते आणि भैरवला आत येऊ देत नाही. भैरव तिथेच हार मानतो. पण लोकांनी विपुलला बजावलं होतं, भैरवला हरवलंस तर तार कापून टाकू. म्हणून त्याला शेवट बदलायचा होता. कमलने भैरवच्या पाया पडून माफी मागायची आणि भैरवने तिला माफ करून बुलेटवरून निघून जायचं.

"भाभी, पब्लिक यही चाहती है," तो म्हणाला.

नलिनीताईंचे हात थांबले. तिळगुळासाठी तीळ निवडत होत्या त्या. "विपुल, कमलने काय केलंय म्हणून तिने माफी मागायची? ते मला जमणार नाही. दुसरी कुणी बघ."

विपुलने संक्रांतीपर्यंत विचार करायला सांगितलं. तोवर मन बदललं नाही तर तो कमलला मेलेली दाखवणार होता. तो गेल्यावर नलिनीताई माझ्यासमोर बसून राहिल्या. मी बंद होतो, माझ्या काळ्या काचेत त्यांना फक्त स्वतःचा चेहरा दिसत असणार. आयुष्यात एक मनासारखं काम मिळालं होतं आणि तेही हातातून चाललं होतं. मला फार वाईट वाटलं. तरी त्या वेळीही माझ्या मनात गोदामाची जुनी अढी थोडी शिल्लक होतीच. वाटलं, विचारायचेच कशाला असले प्रश्न?

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याच घरी होतं. खोली काळ्या साड्यांनी भरून गेली. तिळगूळ झाला, वाण लुटलं, आणि मग नाव घेण्याचा आग्रह सुरू झाला. नलिनीताईंची पाळी आली तशी शेजारची श्रिया डोळे मिचकावत म्हणाली, "अशोकभाऊंचं नाव नेहमीच ऐकतो. आज भैरवचं घ्या."

सगळ्या खो खो हसल्या. मला वाटलं, आता या उठून आत जातील. पण त्या नटी होत्या हो! पदर सारखा केला, कमलसारखी मान ताठ केली आणि म्हणाल्या:

"मांडवगडावर चंद्र, नर्मदेत छाया,
भैरवरावांचं नाव घेते, पण चोरीच्या सोन्यानं सजवणार नाही काया."

हसू जरा थबकलं. विनोदिनीआत्यांनी नाक मुरडलं. नलिनीताई त्यांच्याकडे वळून लाडाने म्हणाल्या, "आत्या, आता तुम्ही. कुक्षीच्या तुपाच्या डब्याचा उखाणा घ्या ना. लहानपणी तुम्हीच सांगायचात."

आत्यांनी आढेवेढे घेतले. पण बायका सोडतात थोड्याच? शेवटी अडकित्ता खाली ठेवून त्यांनी नाव घेतलं:

"कुक्षीहून तूप आलं, डबा होता मोठा,
परत केल्याशिवाय भाऊरावांना ओलांडू दिला नाही उंबरठा."

टाळ्या पडल्या. मागोमाग प्रश्नही आले, आणि आत्या रंगात येऊन सांगू लागल्या. यजमान कचेरीत नोकरीला होते. कुक्षी गावच्या कुणीतरी जमिनीच्या कामासाठी तूप पाठवलं होतं. आपण दाराला आतून कडी घातली आणि डबा परत गेला तेव्हाच काढली. सांगता सांगता त्या मधेच थांबल्या. माझ्या काचेकडे पाहिलं, मग भाचीकडे पाहिलं.

"अगबाई," त्या म्हणाल्या, "म्हणजे कमल ती मीच की."

मग जे हसू उसळलं! आत्यांना तर हसता हसता ठसका लागला. आणि मग एकेकीला आठवू लागलं. श्रियाने नवऱ्याने पिशवीतून आणलेले कारखान्याचे लोखंडी पाने यमकात बसवले, ते दुसऱ्याच दिवशी परत पाठवले होते म्हणे. कुणी फुकटच्या सिमेंटची पोती परत केली होती, कुणी परीक्षेआधी घरी आलेला मिठाईचा पुडा. जिला यमक जुळेना तिने तसंच सांगून टाकलं. आणि जमुनाबाई हरभऱ्याची भाजी द्यायला मागच्या दारी आली होती, ती तिथूनच म्हणाली की तिच्या घरच्याने एकदा दुसऱ्याच्या शेतातला लसूण उपटून आणला, तेव्हा तिने चूलच पेटवली नव्हती. मित्रांनो, दर रविवारी जिचा आवाज कमी केला जात होता, ती त्या खोलीतल्या प्रत्येक घरात नांदत होती! फक्त त्यांनी तिला तिथे ओळखलं नव्हतं.

शेवटी सगळ्यांनी नलिनीताईंकडून अशोकरावांचं नाव मागितलं. त्या उठून माझ्याजवळ आल्या आणि माझ्या उजव्या दारावर हात ठेवून म्हणाल्या:

"दिवाळीत आला टीव्ही, त्याला लाकडी दार,
अशोकरावांनी परत नेला, त्यांचा मला अभिमान फार."

गोदामातल्या त्या वर्षाचा राग माझ्या मनातून तिथल्या तिथे निघून गेला. मला परत पाठवलं होतं म्हणूनच तर मी त्या घरात मान वर करून उभा होतो. अशोकराव बाहेर ओसरीवर होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण ते उगाचच सायकल पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी बायकांचा घोळकाच विपुलच्या दुकानावर गेला. पुढे विनोदिनीआत्या, काठी टेकत. त्यांनी सांगितलं की शेवट बदलाल तर तार आम्ही कापू. विपुल म्हणाला, "अरे आत्याजी, पिछले हफ्ते तो आप लोग ही…" पण त्याचं कोण ऐकतंय.

शेवटचा भाग लागला त्या रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कमलने पेटी उंबऱ्याबाहेर ठेवली. भैरवने काळा चष्मा काढला. कमल दारात उभी राहिली आणि तिने तोंड उघडायच्या आत आत्या ओरडल्या, "रुचा, आवाज वाढव!" रुचाने बटण होतं नव्हतं तेवढं फिरवलं. आणि "कहाँ से लाए?" हा प्रश्न आतून कमलने आणि बाहेरून अख्ख्या खोलीने एकदमच विचारला. माझी काच थरथरली. त्या सोमवारपासून कोथिंबीर पुन्हा वर मिळू लागली, आणि जरा जास्तच.

आता भिंतीवर नवा सपाट टीव्ही आला आहे. माझी काच विझून काही वर्षं झाली. नव्या टीव्हीवर नवे भैरव येतात, पुष्कळ चांगल्या कॅमेऱ्याने काढलेले, आणि त्यांच्या बायकांना लोक अजूनही नावं ठेवतात. मी ऐकत असतो. पण परवाच्या दिवाळीत फार मजा झाली. रुचाचं लग्न झालं आहे. जावई अक्षत रस्तेबांधणीत इंजिनिअर. त्याने ऐटीत खिशातून नवाकोरा मोबाईल काढून रुचाच्या हातावर ठेवला. रुचाने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "कुठून आणलास?"

अशोकराव चहा सांडेपर्यंत हसले. नलिनीताई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. बिचाऱ्या अक्षतला काहीच कळेना. घाबरून त्याने दुकानाची पावती काढून दाखवली, तेव्हा तर हसण्याला धरबंदच राहिला नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा, आणि चहाचा कप ठेवलात तर खाली बशी ठेवा. एवढीच माझी विनवणी, आणि आणखी एक. तुमच्या टीव्हीवर रुबाबदार नायक लुटीचा माल घेऊन घरी येईल आणि त्याची बायको दारात उभी राहून काही विचारू लागेल, तेव्हा तिचा आवाज कमी करू नका.