गावच्या वेशीवरचा गुलाल

सातारा-सांगली सायकल शर्यतीत जी पोरगी पहिली येईल, तिलाच सरकारी संघात नोकरी मिळणार होती. बाकीच्यांनी टाळ्या वाजवून घरी जायचं. संयोगिता अठ्ठावीस वर्षांची झाली होती आणि पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हती. पुण्याच्या ट्रॅकवर गोल गोल फिरण्यात आणि घाटरस्ते तुडवण्यात तिची सगळी तरुण वर्षं गेली होती. सणाची पुरणपोळीसुद्धा तिनं कधी पोटभर खाल्ली नव्हती. आज नाही तर कधीच नाही.

इस्लामपूर सुटलं तशी ती घोळक्यातून निसटून एकटी पुढे निघाली. मांड्या पेटल्या होत्या, पण जीव हरखला होता. पुढचं गाव तिचंच होतं.

आणि गावानं काय करून ठेवलं होतं? निवडणूक जिंकल्यावर करतात तेच! वेशीवर हलगी, दोन पुरुष उंच फ्लेक्स आणि रस्त्याकडेला जेसीबी. त्याच्या उचललेल्या बकेटात तिचे वडील कृष्णात, डोक्याला फेटा बांधून, गुलालाची पोती घेऊन उभे.

"आली रं आली! आपली पोरगी पयली आली!" सरपंच भाऊसो माइकवरून ओरडले.

"बाजूला व्हा!" संयोगितानं जोरजोरानं हात हलवला. गावाला वाटलं, पोरगी सगळ्यांना हात करतीय. वरून पोती रिकामी झाली. डोळ्यांत, नाकात, तोंडात गुलाल. कुणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून तिनं आंधळेपणानंच ब्रेक दाबले आणि ती खांद्यावर आदळली. हाड मोडल्याचा आवाज फक्त तिलाच आला. हलगी जोरात होती.

लोकांनी तिला उचलून उभं केलं, हार घातला, मोडक्या खांद्यावर शाल टाकली. ती किंचाळली, तर बायका म्हणाल्या, आनंदानं रडतीय बिचारी. तेवढ्यात मागचा घोळका सपासप निघून गेला. हरलेल्या पोरींकडे कोण बघतंय!

कृष्णात खाली उतरले. "पोरी, लय नाव काढलंस."

तिला त्यांचा संताप आला.

"आवं आबा, शर्यत सांगलीत संपती. हितं न्हाई."

भाऊसोंनी माइक खाली घेतला. हलगी थांबली. सगळ्या गावादेखत कृष्णातचं तोंड उतरलं. त्यांनी तिचा मोडक्या खांद्याचाच हात धरला आणि तिला सायकलीकडे ओढलं.

"मग जा की! हितं थांबलीस कशाला?"