लाल कंदिलाच्या बाईचं पुस्तक

मित्रांनो, मी एक जुनी रहस्यकथा आहे. खिशात मावेल एवढी, पिवळ्या पडलेल्या कागदाची, पाठीत दोन पिना मारलेली. माझं नाव 'निळ्या बाटलीचा बंगला'. तुम्ही ते ऐकलेलं नसणार आणि त्याचा मला राग नाही. माझ्यासारख्या बहिणी तेव्हा ढिगाने निघत, प्रवासात वाचल्या जात आणि बाकावर तशाच सोडून दिल्या जात. मी मात्र टिकले. कशी टिकले, आणि परवा शिरूरला एका बंबाच्या तोंडाशी माझं सगळं कसं संपत आलं होतं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म पुण्यातल्या एका अंधाऱ्या छापखान्यात झाला. माझ्या पोटात एका डॉक्टरच्या बंगल्यावर झालेल्या विषप्रयोगाची गोष्ट आहे. पण माझं कव्हर बघाल तर हिरव्या लुगड्यातली एक बाई रेल्वेच्या रुळात उभी आहे. तिच्या हातात लाल कंदील आहे, समोरून इंजिन वाफ सोडत तिच्या अंगावर येतंय, आणि खालच्या कोपऱ्यात काळा हातमोजा घातलेला एक हात पाना धरून आहे. आत ना रेल्वे, ना कंदील, ना अशी बाई. प्रकाशकाला घाई होती. दुसऱ्याच कुठल्या पुस्तकासाठी काढून ठेवलेलं चित्र त्याने मला चढवलं आणि मोकळा झाला. शिष्ट मंडळी मला बघून नाकं मुरडायची. मुरडेनात का, रंग मात्र माझे झकास होते.

दौंड स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलला मी दोरीला लटकत होते. तिथून मला बन्सीने घेतलं. बन्सी रेल्वेत गँगमन होता, हातोडा घेऊन रुळावरून चालत एकेक जोड तपासायचा. एक गोष्ट मला पहिल्याच संध्याकाळी कळली. बन्सीला वाचता येत नव्हतं. सही यायची, आकडे यायचे, बाकी काही नाही. वस्तीतली शिकलेली पोरं विहारात पेपर वाचून दाखवायची तेव्हा तो पार मागे, भिंतीला टेकून बसायचा. शिक्षण हुकल्याची खंत त्याला फार होती. त्यामुळे नव्या नवरीला, भागुबाईला, तो फुशारकीने सांगून बसला होता की मला वाचता येतं. एकदा बोलून गेल्यावर माघार कशी घेणार?

मग दिवेलागणीला तो उंबऱ्यात बसायचा, कव्हर नीट न्याहाळायचा आणि मला उघडून भागुबाईला गोष्ट 'वाचून' दाखवायचा. त्याच्या गोष्टीतली ती बाई गँगमनची बायको होती. नवरा तापाने फणफणलेला, आणि बदमाशाने पाना घालून रुळाचे बोल्ट काढलेले. ती एकटी कंदील घेऊन धावते आणि भरधाव मेल थांबवते. कधी तिच्या कडेवर पोर असायचं, कधी वाटेत ओढा लागायचा. भागुबाई भाकरी थापता थापता ऐकायची. माझ्या पोटातला डॉक्टर तिला कधी भेटलाच नाही.

बन्सी गेला. भागुबाईने मला आणि आणखी काही पुस्तकांना पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं. तिलाही वाचता येत नव्हतं. कधी मन लागलं नाही की ती मला बाहेर काढायची, पदराने पुसायची, चित्राकडे बघत ओठ हलवायची आणि परत ठेवून द्यायची. तेव्हा लक्षात घ्या मित्रांनो, भागुबाईची गोष्ट माझ्या एकाही पानावर नव्हती. ती सगळी कव्हरवर होती. कव्हर गेलं असतं तर तिच्यापुरता बन्सी दुसऱ्यांदा गेला असता. आणि हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं.

या दिवाळीआधी भागुबाई पाबळला लेकीकडे गेली होती. तिचा नातू सम्राट सणसवाडीच्या एका कंपनीत कामाला आहे. घराला रंग द्यायचा म्हणून त्याने माळा रिकामा केला आणि ट्रंकेतल्या पुस्तकांचे फोटो शिरूरच्या प्रतिभाला पाठवले. पोराच्या मनात वाईट काही नव्हतं. कसर लागून जाण्यापेक्षा कुणीतरी वाचेल, एवढाच त्याचा विचार.

प्रतिभा अशी जुनी, चित्रांच्या कव्हरांची पुस्तकं गोळा करते आणि विकते. रद्दीवाल्यांची पोती उपसते, बंद पडलेल्या वाचनालयांची कपाटं धुंडाळते. सम्राटकडून आम्हाला विकत घेऊन तिने घरी आणलं, मला मऊ ब्रशने झाडलं, खिडकीच्या उजेडात माझे फोटो काढले आणि जुन्या पुस्तकांच्या ग्रुपवर टाकले. माझ्या बाईचं इतकं कौतुक जन्मात कुणी केलं नव्हतं. नाशिकच्या एका संग्राहकाने तर लगेच कळवलं की आतली पानं नसली तरी चालतील, कव्हर तेवढं जपून पाठवा. मी फुगून गेले, खोटं कशाला सांगू?

आणि सम्राटचा फोन आला.

"प्रतिभाताई, आजी पाबळवरनं आली. ट्रंक उघाडली तवापास्नं जेवायलाच बसंना. त्यातलं एक पुस्तक पायजेल म्हणती. नाव तिला ठावं न्हाई. लाल कंदील घेतलेली बाई हाय म्हणती."

प्रतिभाने नाशिकला नकार कळवला. मला आणि ट्रंकेतल्या बाकीच्या पुस्तकांना एकत्र करून टेबलावर ठेवलं आणि सासूला सांगितलं, "आत्या, ही दौंडला परत द्यायचीत. पोस्टात पार्सलं टाकून येते, मग मी निघते."

तिची सासू अनसाबाई मायाळू बाई. तिच्या घरात कुणाचा डबा रिकामा परत जात नाही. गूळ, शेंगा, काहीतरी घालूनच द्यायचं हा तिचा नेम. तिने आम्हाला पाहिलं. पिना गंजलेल्या, कडा झिजलेल्या, कव्हरं लोंबणारी. लोकांची वस्तू अशी फाटकी परत द्यायची? तिची पोरं लहान असताना दर जूनला थोरल्याची पुस्तकं बाइंडिंग करूनच धाकट्याला मिळायची. पुस्तकाला जपणं म्हणजे त्याला जाड पुठ्ठा घालणं, हे तिला पक्कं माहीत. तिने आम्हाला पिशवीत घातलं आणि बाजारामागच्या म्हाळू बाइंडरकडे नेलं.

"म्हाळू, लोकांची हायेत ही. चांगली मजबूत करून दे. लगी पायजेत."

"बसा मामी. व्हत्यात आत्ता."

म्हाळूचा हात सफाईचा. ग्रामपंचायतीच्या वह्या आणि शाळेची पुस्तकं बांधण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याची पहिली कृती ठरलेली असते: कव्हर ओढून काढायचं आणि टेबलाखालच्या पोत्यात टाकायचं. त्यानंतर दाभणाने टोचे, दोरा, कटिंग मशीनखाली तिन्ही कडा साफ आणि वरून पुठ्ठा. कव्हराचं काय करायचं असतं? पुठ्ठा घातल्यावर ते हवंच कशाला? अनसाबाई तिथेच स्टुलावर बसून समाधानाने बघत होती.

माझी पाळी आली. पिना निघाल्या. त्याने अंगठा आत सारला आणि एका हिसक्यात मी दोन ठिकाणी झाले. पानं मशीनजवळ राहिली, कव्हर पोत्यात पडलं. मित्रांनो, आयुष्यभर मी समजत होते की मी त्या छापलेल्या ओळींत आहे. त्या घटकेला कळलं, मी पोत्यात होते. वर टेबल, आजूबाजूला कातरण आणि माझ्या बाईच्या तोंडावर खळीचा ओला बोळा.

थोड्या वेळात शेजारची सिंधूबाई आली. तिची सून बाळंत झालेली, तिच्या अंघोळीसाठी बंब पेटता ठेवावा लागायचा. रोजच्यासारखं तिने कातरणीचं पोतं उचललं आणि मागच्या दाराने नेलं. म्हाळूने मान वर करूनही पाहिलं नाही.

मागच्या अंगणात बंब धुमसत होता. सिंधूबाई मूठमूठ कागद आत घालू लागली. माझ्याबरोबर ट्रंकेत झोपलेली एक बहीण, तिच्यावर मुखवट्याचं चित्र होतं, ती माझ्या डोळ्यांदेखत आत गेली आणि भप्पकन निळी जळाली. मग सिंधूबाईच्या हाताला मी लागले. तिने मला वळवून पाहिलं. "बाई झ्याक काढलीया की," ती पुटपुटली. मला वाटलं, वाचले. आता ही मला फळीवर अंथरायला ठेवील, निदान भिंतीला लावील. तेवढ्यात आत बाळ रडू लागलं. तिने घाईघाईने मला बंबाच्या तोंडात खुपसलं आणि ती आत पळाली.

मी अर्धी आत, अर्धी बाहेर. खालचा कोपरा तापला, तपकिरी झाला, पेटला. आग काळ्या हातमोज्याला लागली आणि हळूहळू रुळांवरून बाईच्या पायांकडे सरकू लागली. मला ओरडता येत असतं तर मी अख्खं शिरूर गोळा केलं असतं.

प्रतिभा पोस्टातून आली होती आणि टेबल रिकामं पाहून शेजाऱ्यांना विचारत धावत म्हाळूकडे पोचली होती. मला भिंतीपलीकडून तिचा आवाज येत होता.

"कव्हरं कुठायत, म्हाळूदादा?"

"कव्हरं? त्यांचं काय करता ताई? आतलं समदं शाबूत हाय. ही एवढी पानं ऱ्हायलीत, ती बी आत्ता कटिंगला लावतो."

"हात लावू नका. कव्हरं कुठं टाकली, तेवढं सांगा."

"सिंधूबाईनं नेली मघाशी, बंबाला."

त्यापुढे मला फक्त चपलांचा आवाज ऐकू आला. प्रतिभाने मला नुसत्या हाताने ओढून काढलं आणि पदराखाली दाबून विझवलं. तिच्या बोटांना फोड आले. काळा हातमोजा पान्यासकट जळून गेला होता. बाईचे पाय आणि कंदील वाचले होते. मागे दारात अनसाबाई येऊन उभी राहिली. प्रतिभा तिच्यावर रागावली नाही. बोलून काय उपयोग होता, माया होती ती.

दुपारी प्रतिभा दौंडला पोचली, अनसाबाईने दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन. घरात अजून रंगाचा वास होता. भागुबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेली. प्रतिभाला जळकं कव्हर दाखवायचा धीर होईना. ते तिने प्लॅस्टिकच्या पाकिटात पर्समध्येच ठेवलं आणि सुटी पानं तेवढी सम्राटपुढे केली. झालेला प्रकार तिने खालच्या आवाजात सांगितला.

"आतलं हाय ना समदं? मग झालं की," सम्राट म्हणाला. "आजी, तुझं पुस्तक आलं. ऐक, वाचून दावतो."

मी पर्समध्ये होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. तो स्वच्छ वाचत होता. डॉक्टर बंगल्याच्या पायऱ्या चढले, त्यांनी निळी बाटली उजेडात धरली.

"ह्ये न्हाई," भागुबाई म्हणाली.

"आगं, ह्येच हाय. ताईंनी सोता आणलंय."

"माझ्यात डाक्टर न्हाई. तू माझं इकलंस आन् दुसऱ्याचं आणलंस." तिने कानावर पदर ओढला. "पुढचं वाचू नगं. मला न्हाई ऐकायचं."

सम्राटने पुढची पानं चाळली, शेवटची चाळली. बाई नाही, कंदील नाही. त्याने गोंधळून प्रतिभाकडे पाहिलं. तेव्हा मात्र तिने पर्स उघडली आणि मला भागुबाईच्या मांडीवर ठेवलं.

"आजी, माझ्या घरातनं चूक झाली. कोपरा जळाला. एवढंच राहिलंय."

भागुबाईने मला उचललं, डोळ्यांजवळ नेलं. पदराने काजळी पुसली. मग तिने जळक्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"पानावाला जळाला. बरं झालं मुडद्याचं."

त्या दोघी हसल्या, सम्राट मात्र नाही. तो एकदा पानांकडे बघत होता, एकदा माझ्याकडे. तो हुशार पोरगा आहे. मी ज्याला भीत होते तेच त्याच्या तोंडावर येत होतं.

"पन आजी, आतमधी ही बाई कुठंच न्हाई. रेल्वे बी न्हाई. मग आबा तुला काय..."

 प्रतिभाने मान खाली घातली. माझा जीव बंबापाशी झाला नव्हता इतका गोळा झाला. बन्सीने जन्मभर सांभाळलेली लाज आता, तो नसताना, त्याच्याच नातवाच्या तोंडून फुटणार होती.

"त्येला वाचता येत न्हवतं," भागुबाई म्हणाली. "लगीन झाल्यावर म्हयन्याभरात कळलं मला. वाचणारा मानूस आदी वाचतो, मग हसतो. ह्यो आदी हसायचा, आन् मग वाचायचा."

"आन् तू बोलली न्हाईस त्यांना? इतकी वर्सं?"

"बोलले आसते तर गोष्ट बंद झाली आसती, बाबा."

मित्रांनो, आता माझी पानं एका पाकिटात आहेत आणि कव्हर दुसऱ्या. मला कुणी पुन्हा बांधणार नाही आणि मला बांधून घ्यायचंही नाही. तुमच्या घरातलं एखादं जुनं पुस्तक विकायला काढाल, दुरुस्तीला द्याल, तेव्हा ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी दाखवा. त्या माणसाला वाचता येत नसेल तर वाचून दाखवायची घाई करू नका. कव्हर त्याच्या हातात द्या आणि ऐकायला बसा.