५८८२३५३ आणि माझा तुटका दात

मित्रांनो, मी एक जुनं गणनयंत्र आहे. बाजूचा दांडा फिरवला की आकडेमोड करणारं. म्हाताऱ्यांनी गोड बोलावं म्हणतात, पण आज ते मला जमणार नाही. मी रागावलेलं आहे.

कारखान्यात माझं एकेक पोलादी चाक घासून बसवलं गेलं. पुढे मी एका महाविद्यालयाच्या गणित विभागात आलं. तिथल्या बाईंचा माझ्यावर भारी जीव. स्वतः तेल घालायच्या, मऊ फडक्याने पुसायच्या.

एकदा त्यांना एक संख्या भेटली, ५८८२३५३. डबा घेऊन आलेल्या बहिणीला त्या म्हणाल्या, "ताई, हिचे दोन तुकडे कर. ५८८ आणि २३५३. दोघांचे वर्ग करून मिळव. पुन्हा तीच संख्या हजर!"

"मग आता काय, तिचं लग्न लावतेस?"

"आता बघायचं, ती मूळ संख्या आहे का. एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणी भागतं का."

त्यावर मोठ्या सभेत बाईंचं व्याख्यानही ठरलं. पण त्या रजेवर गेल्या आणि विभागप्रमुख साहेबांनी मला दार अडवायला जमिनीवर ठेवलं. मला! वाऱ्याने दार आपटलं, मी कोलमडलं आणि माझ्या शतकस्थानच्या चाकाचा दात तुटला. तिथे नऊ आला की चाक घसरून शून्यावर जायचं. साहेबांनी मला गुपचूप टेबलावर ठेवलं.

बाई परतल्या. एकेका संख्येने भागत ११५३ पर्यंत आल्या. भागाकार ५१०१, बाकी शून्य.

साहेब मागेच उभे होते. "फुटली की हो तुमची संख्या!" त्यांनी सगळ्यांना हाका मारल्या. "या, बघा गंमत! व्याख्यान रद्द करा आता."

बाकी नऊशे होती, मित्रांनो! पण माझ्या तोंडून शून्यच निघत होतं.

बाई फळ्याकडे गेल्या. ११५३ ला ५१०१ ने गुणलं. उत्तर आलं ५८८१४५३.

"नऊशे कमी पडतात," त्या वळून म्हणाल्या. "साहेब, हे यंत्र कुणी पाडलं?"

"भंगार आहे ते. त्याचा काय भरवसा?"

"मी गेले तेव्हा ठणठणीत होतं. कुणी पाडलं?"

साहेब घड्याळ बघत सटकले.

उरलेले सगळे भागाकार बाईंनी कागदावर केले. बोटं ठणकली, पण संख्या फुटली नाही. ती मूळच निघाली. व्याख्यान झालं, आणि पहिल्या रांगेत टाळ्या वाजवायला कोण? साहेब! मला मात्र त्यांनी अडगळीत टाकलं होतं, अंगावर 'चुकीची उत्तरं देतं' अशी चिठ्ठी डकवून. बाईंनी ती टराटरा फाडली आणि मला घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे आणलं. "दात घडवून देतो," तो म्हणाला, "पण वेळ लागेल."

तोवर माझं ऐकून ठेवा. आम्हाला राबवा, झिजवा, आमची ना नाही. काही मोडलं तर मोठ्याने सांगा, कुणी खात नाही तुम्हाला. पण आधी गुपचूप आमची जीभ तोडायची, मग आम्हालाच साक्षीला उभं करायचं आणि वर खोटारडं म्हणायचं, हे यापुढे चालणार नाही.