चांगुणाबाईंचा सल्ला

अमडापुरात तूर घरात आली की बायकांना आपापली दुखणी आठवतात. तोवर दुखायलाही फुरसत नसते. मग दोघी-तिघी मिळून तालुक्याच्या दवाखान्यात जातात आणि गर्भाशय काढून मोकळ्या होतात. गावात याला पिशवी काढणं म्हणतात. आणि त्यांना घेऊन जाणार कोण, तर चांगुणाबाई. त्यांनी स्वतःची पस्तिशीतच काढली होती, सोबत दोन्ही अंडाशयंही. “मले पाहा, झालं का काही?” एवढं त्या म्हणाल्या की भित्र्यातली भित्री बाईही मुकाट्यानं एसटीत बसायची.

औंदा नंबर त्यांच्या सुनेचा होता. दीपमालाच्या अंगावरून दर महिन्याला फार जायचं, बिचारी पांढरीफटक पडली होती. सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं.

नेमकी चांगुणाबाईंची लेक समता सुट्टीवर आली. ती नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशींवर काम करते. काचेच्या बशीत पेशी वाढवायच्या, त्यांना आतून गंजवणारं रसायन घालायचं आणि किती तगल्या ते पाहायचं. आधी इस्ट्रोजेन, म्हणजे बाईच्या अंडाशयात तयार होणारं संप्रेरक, दिलेलं असलं तर पुष्कळ तगतात. नांगराच्या फाळाला तेलाचा हात असला की गंज उशिरा चढतो, तसंच. बशीतली पेशी म्हणजे जितीजागती बाई नव्हे, हे समतालाही कळत होतं. पण तरुणपणी अंडाशयं काढलेल्या बायकांत पुढे विसरण्याचा आजार जास्त आढळतो, हेही तिनं वाचलं होतं.

रात्रीच्या भाकरी चालू असताना तिनं वहिनीला गाठलं.

“वहिनी, आधी औषध घेऊन पाह्य. पिशवी काढाच लागली तर काढ, पण अंडाशयं चांगली असली तर राहू द्या म्हण डॉक्टरले. मेंदूले त्यायचा आधार असते. नाहीतर आगीतून उठून फुफाट्यात.”

“काहीतरीच ताई! आत्याबाईले झालं का काही?”

झालं होतं. भाजीत दोनदा मीठ पडत होतं, पोटच्या लेकाला, रवीला, मेलेल्या मामाच्या नावानं हाक जात होती आणि सगळं घर ‘वय झालं’ म्हणून त्यावर पांघरूण घालत होतं. वय कसलं डोंबलाचं, अजून साठी यायची होती! पण वहिनीला थांबवायचं तर हे तोंडानं बोलावं लागणार होतं, आणि माय दारातच उभी होती.

“झालं आहे, वहिनी. तुलेही माहीत आहे,” समता म्हणाली.

चांगुणाबाई आत येऊन खाली बसल्या. “त्याच्यानंच झालं का हे माह्यं?”

“नक्की नाही सांगता येत, माय. पण धोका वाढते.”

“मंग तुह्या बशीतलं ते औषध आता मले दे ना.”

“इतक्या वर्षांनी देऊन गेलेलं परत येत नाही. उलट अपाय होऊ शकते.”

जीभ झडली असती तर बरं, असं समताला वाटलं. चांगुणाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या.

“किती जणींले नेलं वं मी,” त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. “तू नको जाऊ. बुलढाण्यात दुसऱ्या डॉक्टरले दाखव आधी.”

दीपमालानं मान हलवली. समताला इतकं सुटल्यासारखं झालं की तिला रडूच आलं.

सोमवारी सकाळी समता उठून पाहते, तर चांगुणाबाई चांगलं लुगडं नेसून, चहाचा थर्मास भरून ओट्यावर तयार.

“चाल वं दीपमाला, एसटी चुकन.”

दीपमाला बाहेर आली. “आत्याबाई, जायचं नाही असं ठरलं न आपलं.”

“काऊन? भेव लागते का?” चांगुणाबाई हसल्या. “मले पाहा, झालं का काही?”

दीपमाला त्यांच्याकडे पाहत राहिली. मग शेजारी टेकली आणि त्यांच्या हातातला थर्मास तिनं हळूच काढून घेतला.

“तुमच्याकडे पाहूनच ठरवलं, आत्याबाई.”