दोघांची स्प्रिंग

आमच्या घरात कुठलाही निर्णय भांडूनच होतो. पद्धत ठरलेली आहे. मला जे नको असेल ते मी हट्टाने मागायचं, बायकोने ते हाणून पाडायचं, की मला हवं होतं ते आपोआप पदरात पडतं. सोफ्याचा रंग, मुलीचं कॉलेज, मांजर न पाळणं, सगळं असंच पार पडलंय. बायकोला ही पद्धत पुरती ठाऊक आहे, कारण तिचीही हीच आहे.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. बायको मोटारसायकली दुरुस्त करते. घराखालीच तिचं गॅरेज आहे. गाडी ती चालवते, मी मागे बसून चुकीचे रस्ते सांगतो. दरवर्षी आम्ही तळ्याकाठच्या मोटारसायकल रॅलीला जातो. तिथे चिखल असतो, संडासापुढे रांग असते आणि कोणाचा तरी तंबू कोणाच्या तरी डोक्यावर पडतो. आम्हाला ती फार आवडते. निघण्याआधी दोघांचं वजन पेलावं म्हणून बायको मागच्या चाकाची स्प्रिंग शेवटच्या खाचेपर्यंत आवळते आणि गिऱ्हाइकांच्या देखत जाहीर करते, "आज मालवाहतूक आहे."

यंदा भोंगा जोडीने आला आणि म्हणाला, दुसऱ्या रॅलीला चला.

भोंगा माझा शाळेपासूनचा मित्र. नाव आवाजावरून पडलेलं. त्याचं आणि वहिनींचं जुंपलं की शेजारी टीव्ही बंद करून ऐकत बसायचे. गेल्या वर्षी तळ्याकाठी न येता हे दोघं घाटापलीकडच्या दुसऱ्या रॅलीला गेले होते. तेव्हापासून शेजाऱ्यांना पुन्हा टीव्ही लावावा लागतोय.

"असतं काय तिथे?" मी विचारलं.

"छान असतं," दोघं एकदम म्हणाले.

"म्हणजे खाणंपिणं? गाणीबिणी?"

"जोडीनं जायचं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "एवढंच."

बायकोने चहा आणला, साखर वेगळी ठेवली. वहिनींनी भोंग्याच्या कपात नुसताच चमचा फिरवला.

"गोड झालाय ना?"

"झालाय," भोंगा म्हणाला आणि कप रिकामा केला. पूर्वी एवढ्यावर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. मी साखरेकडे पाहिलं. तिला कोणी हातही लावला नव्हता.

मग बायको त्यांच्याबरोबर खाली गॅरेजात गेली. गाडीचं काहीतरी काम होतं. परत आली ती तेलकट हातांनीच. हात न धुता ती स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकत नाही.

"भोंग्याने स्प्रिंग सैल करून घेतली," ती म्हणाली. "एकट्याच्या वजनाची."

"मग? डबलसीट जायचं सोडलं का?"

"नाही ना. माझ्यासमोर बसले दोघं. आधी तो बसला, गाडी दबली. मग मागे वहिनी बसल्या." तिने हवेतच सीट दाबून दाखवली. "गाडी दबलीच नाही."

"बारीक झाल्या असतील."

"अरे, सीटवर पिशवी ठेवली तरी मला कळतं! म्हणून म्हटलं, वहिनी, माझ्यामागे बसा, एक चक्कर मारू. वळणावर वाटलं, मागे कोणी नाहीच. वळून बघते तर होत्या. हसत होत्या."

"आणि?"

"फार शांत वाटलं रे," बायको म्हणाली. "परत फिरावंसंच वाटेना."

मी घाबरलो. पण 'जायचं नाही' म्हणालो असतो तर पद्धतीप्रमाणे तिने मला बखोट धरून नेलं असतं. म्हणून मी टेबलावर हात आपटला. "ते काही नाही. मला त्या दुसऱ्या रॅलीला जायचंय म्हणजे जायचंय!"

आता ती म्हणणार होती, या वयात कसली थेरं. त्याची उत्तरंही मी काढून ठेवली होती.

"बरं," बायको म्हणाली. "जाऊ."

मला वाटलं, हा नवा डाव असेल. "तंबू मी बांधणार," मी म्हणालो.

"बांध की."

"कपडे मी भरणार नाही."

"मी भरते."

घरात इतकी शांतता झाली की नळ गळतोय हे पहिल्यांदा कळलं. लग्नानंतर मी कधी केलं नव्हतं ते शेवटी केलं. सरळ बोललो. "मला जायचं नाहीये. तूही जाऊ नकोस. मला भीती वाटते."

तिने माझ्या मोज्यांची जोडी बॅगेतून काढली आणि नीट घडी करून माझ्या हातात दिली. "राहा मग. माझ्यामागे कोणी ना कोणी बसेलच."

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मी मोजे पुन्हा बॅगेत ठेवले. तिच्यामागे दुसरं कोणी बसावं, आणि वळणावर तिने मान वळवून बघावं, हे मला चालणार नव्हतं.

सकाळी खाली उतरलो तर ती मागच्या चाकाशी वाकून पाना फिरवत होती. उलट्या दिशेने.

"एकट्याची करतेस?"

"हो."

"अगं, मी पण आहे."

"आहेस की," ती म्हणाली आणि आणखी एक खाच सैल केली.

आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. तिचं गॅरेज, तिचा पाना, तिचं माहेर, सगळ्यांचा एकदम उद्धार करणारं एक सणसणीत वाक्य ओठांवर आलं. मी तोंड उघडलं.

"बरं," मी म्हणालो.

आणि मागे बसलो. गाडी दबली नाही.

कोपऱ्यावर एक उंच स्पीडब्रेकर आहे. स्प्रिंग आवळलेली असली तरी तिथे माझी कंबर दरवर्षी बोंब मारते, आणि त्यावरून घाट लागेपर्यंत आमची जुंपते. मी दात घट्ट आवळले. वाट बघितली. स्पीडब्रेकर मागे पडला.

"लागलं का रे?" बायकोने मायेने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. खरंच लागलं नव्हतं.