मंडईचा आठवडा

"सत्यभामा मॅडम आहेत का?" फोनवरच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं.

"मंडईत गेली," परसराम गुरुजी म्हणाले. "या आठवड्यात ती घरात सापडत नसते, बाई."

"मग त्यांना निरोप द्याल, सर? त्यांची खोली यंदाही तयार आहे. आणि ती थकबाकी..."

"सांगतो," म्हणून गुरुजींनी फोन ठेवला. मागे वळले, तर दारात खुशबू उभी. हातात उकडलेल्या शिंगाड्यांचं ताट. लेक कालच तुमसरहून मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेसाठी, माहेरी आली होती.

"बाबा, कोणाले सांगून राहिले तुम्ही, आई मंडईत गेली म्हणून?"

गुरुजींनी उगाच चष्मा पुसायला घेतला.

"आईले जाऊन तीन वर्षं झाले."

"मले माहीत आहे, माय."

"अन् त्याईले?"

"त्याईले नाही."

खुशबूनं ताट खाली ठेवलं आणि ओसरीच्या पायरीवर बसकण मारली. बाहेर आजूबाजूच्या गावांचे पाहुणे सानगडीच्या बाजाराकडे चालले होते. दंडारीच्या नाच-सोंगांची ढोलकी कुठंतरी जमून येत होती. हा तिच्या आईचा आठवडा होता, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला होता.

गुरुजी निवृत्त झाले त्या साली नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात त्या दोघांना जेवायचं बोलावणं आलं. कसल्याशा सोडतीत नाव निघालं होतं म्हणे. दोघं नवे कपडे घालून गेली. जेवण झाल्यावर टाय लावलेल्या एका पोरानं त्यांच्यापुढे डोंगर आणि तळ्यांची चित्रं पसरली. क्लबचे सदस्य व्हा, दरसाल एक आठवडा थंड हवेच्या ठिकाणची खोली तुमची, जन्मभर तुमची. गुरुजी उठायच्या बेतात होते. सत्यभामाबाईंनी त्यांची बाही ओढली. "लेकराचं जेवण जेवलो न आपण? आता हात झाडून कसं उठाव?"

पोरगा हुशार. त्यानं गुरुजींना सोडून बाईंनाच विचारलं, "मॅडम, वर्षातला तुमचा सगळ्यात आवडता आठवडा कोणता?"

तिला असं आजवर कोणी विचारलंच नव्हतं. ती क्षणभरही अडखळली नाही. "दिवाळीनंतरचा! आमच्या मंडईचा."

पोरानं तो लिहून घेतला. तिला मुख्य सदस्य केलं. दोघांनी सह्या केल्या आणि परतीची एसटी धरली. लाखनी मागे पडली तेव्हा बाई एकदम ताठ बसल्या. "अवो! पण मंडईच्या आठवड्यात आपण गावाबाहेर जाऊन कसं?"

आणि मग जे हसू फुटलं ते साकोलीपर्यंत थांबलं नाही. कंडक्टरसुद्धा कारण न कळता हसत होता.

आठवडा बदलून मिळत नव्हता. दिवाळी उलटली की फोन येई. "यंदा पाहुणे आहेत, बाप्पा, पुढच्या साली पाहू," ती म्हणायची. वडे तळता तळता मधेच थांबायची. "आता तिकडं आपली खोली रिकामी असल. खोलीले थंडी वाजत असल, नाही?" त्या घरात न पाहिलेल्या खोलीची अशी चौकशी होत असे, जशी सासरी गेलेल्या लेकीची.

ती गेली, त्या साली फोन आला तेव्हा गुरुजींच्या तोंडून आपसूक निघालं, "बाहेर गेली आहे." वर्गात न आलेल्या मित्राच्या नावाला दुसऱ्याच पोरानं 'हजर' म्हणावं, तसं. एकदा म्हटल्यावर मग ते बदलवेना. पहिली दोन वर्षं क्लबचं वार्षिक शुल्क भरलं. पुढं पेन्शन औषधांना पुरेना, तेव्हा बाकी चढत गेली, वर व्याज.

"माह्या नावानं क्लबची नोटीस आली, बाबा," खुशबू पायरीवरून म्हणाली. "करारात वारस म्हणून नाव आहे माहं, बाकी थकली का वारसालेही मागतात म्हणे. तुमच्या जावयाच्या हाती पडली ती. नीट जेवले नाही ते त्या दिवशी."

गुरुजींचा चष्मा पुसणारा हात थांबला. "काहून नाही सांगितलं आधी?"

"तुम्ही कुठं सांगितलं?"

मंडई आटोपल्यावर गुरुजी करार घेऊन भंडाऱ्याला गेले; तिथला वकील संघपाल हा त्यांचाच विद्यार्थी. "जय भीम, गुरुजी!" म्हणत त्यानं खुर्ची पुसून दिली आणि करार वाचून कपाळाला हात लावला. "समजल्याशिवाय पाठ करू नको म्हणून मले मारलं तुम्ही. अन् स्वतः न वाचता सही?"

"मारलं नाही. कान धरला."

"उजवा. अजून लाल आहे, पाहा!"

निघताना गुरुजींनी एकच मागणं केलं. "क्लबले धाडशील त्या नोटिशीत बाई गेल्याचं लिहू नको. ते मी सांगीन."

उन्हाळी धानाची रोवणी आटोपली तेव्हा क्लबची कंपनी नरमली. भरलेले पैसे बुडाले, पण थकबाकी माफ, आणि वारसाकडेही काही मागायचं नाही. सह्या घ्यायला नागपूरहून टीना नावाची मुलगी संघपालच्या ऑफिसात आली. आवाज ऐकला आणि गुरुजींनी ओळखला.

"सत्यभामा मॅडम नाही आल्या? मुख्य सदस्य त्याच आहेत."

संघपाल काही बोलणार, तोच गुरुजींनी हातानं थांबवलं. शेजारी खुशबू बसली होती. तिनं मान खाली घातली.

"ती वारली," गुरुजी म्हणाले. मृत्यूचा दाखला खिशातून काढून टेबलावर ठेवला. "मंडईत गेली म्हणून मीच सांगत होतो."

टीनानं दाखला उचलून करारातल्या नावाशी ताडून पाहिला. तिचा गोड आवाज कुठं गेला कोण जाणे. मग हळूच म्हणाली, "सर, मग त्यांच्या नावावर रेघ मारा, आणि बाजूला तुमची सही करा."

गुरुजींनी पेन घेतलं. पुन्हा ठेवलं.

"पट्टी आहे का?"

"अशीच मारा ना, सर. चालतं."

"त्याईचं तसं चालत नाही," म्हणत संघपालनं टेबलाचा खण ओढून पट्टी काढली. "खोडायचं तर एकच रेघ, अन् खालचं वाचता आलं पाहिजे. आमच्या साऱ्या वर्गाले माहीत आहे."

त्यानं कागद हलू नये म्हणून दोन्ही कोपऱ्यांवर बोटं दाबून धरली. गुरुजींनी पट्टी लावली, नीट सरळ आहे ना ते वाकून पाहिलं, आणि डावीकडून उजवीकडे, सावकाश, एक बारीक रेघ ओढली.

नाव तिच्याखाली स्पष्ट वाचता येत होतं.